किब्ला: नमाजच्या दिशेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किब्ल्याबद्दल विचारणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकाला अंश हवे असतात: ११८ की ११९? दुसरा म्हणतो, अल्लाह सगळीकडे आहे, मग तोंड कुठेही केलं तर काय बिघडतं? गंमत अशी की दोघांचीही उत्तरं कुरआनच्या दुसऱ्या सूरेत (अध्यायात), एकमेकांपासून फार लांब नसलेल्या आयतींमध्ये (वचनांमध्ये) आहेत. पुढच्या बऱ्याच उत्तरांत फिरून फिरून त्याच आयती येतील, कारण हा विषयच तिथून सुरू होतो.

किब्ला म्हणजे नेमकं काय?

ज्या दिशेला तोंड करून नमाज अदा करतात ती दिशा. शब्द अरबी आहे आणि त्याच्या मुळाशी 'समोर असणं, सामोरं होणं' हा अर्थ आहे. माणूस जगात कुठेही असो, ही दिशा मक्केतल्या काब्याची. काबा म्हणजे मक्केच्या मुख्य मशिदीच्या, मस्जिद-अल-हरामच्या मोकळ्या अंगणात उभी असलेली दगडी वास्तू. उंची साधारण १३ मीटर, बाजू ११ ते १३ मीटरच्या. घनाकृती म्हणतात खरं, पण मोजायला गेलात तर काटेकोर घन नाही. वरून काळं आच्छादन असतं, त्याला किस्वा म्हणतात.

वजू (नमाजआधी हात-पाय-तोंड धुणं), नमाजची वेळ, अंग झाकलेलं असणं या अटींच्या जोडीनेच किब्ल्याकडे तोंड असणं ही अट येते. दिशा माहीत आहे, वळणं शक्य आहे, आणि तरीही मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं तर फर्ज (बंधनकारक) नमाज होत नाही.

मग ही काब्याची पूजाच झाली ना?

बिगरमुस्लिम मित्र हा प्रश्न जरा चाचरत विचारतात. चाचरायचं कारण नाही, प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र स्पष्ट 'नाही' असं आहे.

कुरआनच्या १०६व्या सूरेत कुरैश टोळीला सांगितलं आहे की या घराच्या मालकाची इबादत (उपासना) करा. घराची नव्हे, मालकाची. काब्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या काळ्या दगडाचं, म्हणजे हजर-ए-अस्वदचं चुंबन घेताना दुसरे खलिफा हजरत उमर काय म्हणाले ते हदीसमध्ये (पैगंबर आणि त्यांच्या साथीदारांविषयीच्या नोंदींत) आलेलं आहे. आशय असा: तू एक दगड आहेस, तुझ्याने ना नुकसान होतं ना फायदा, हे मला ठाऊक आहे, पैगंबरांना मी तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं.

मला स्वतःला त्याहून बोलका वाटतो तो ६३० सालचा प्रसंग. मक्का हाती आल्यावर काब्याच्या भोवतीच्या ३६० मूर्ती हटवल्या गेल्या आणि पैगंबरांनी हजरत बिलाल यांना अजान (नमाजची हाक) द्यायला सांगितलं. बिलाल एके काळचे हबशी गुलाम. ते काब्याच्या छतावर चढले आणि तिथून अजान दिली. ज्याची पूजा करायची त्याच्या माथ्यावर पाय रोवून कुणी हाका मारत नाही.

आणि आत काय आहे, असंही विचारलं जातं. आत छताला आधार देणारे तीन लाकडी खांब आहेत, टांगलेले दिवे आहेत. पूजेची वस्तू कुठलीच नाही.

अल्लाह सगळीकडे आहे, तर एकाच दिशेचा आग्रह कशासाठी?

अल-बकरा सूरेतल्या तीन आयती एकापाठोपाठ ठेवून पाहा. ११५वी म्हणते, पूर्व आणि पश्चिम दोन्ही अल्लाहच्याच, तुम्ही जिकडे वळाल तिकडे अल्लाहचा चेहरा आहे. १४४वी म्हणते, आता तोंड मस्जिद-अल-हरामकडे करा, तुम्ही कुठेही असा. आणि १७७वी पुन्हा बजावते की पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करणं म्हणजे नेकी नव्हे. नेकी म्हणजे ईमान (श्रद्धा), आणि मालाचा मोह असूनही तो नातेवाईक, अनाथ, गरीब, वाटसरू यांच्यावर खर्च करणं, दिलेला शब्द पाळणं, संकटात धीर धरणं. म्हणजे आधी सांगितलं की अल्लाहचा ठावठिकाणा दिशेवर नाही, मग एक दिशा नेमून दिली, आणि लगेच ताकीद दिली की दिशेतच अडकून बसू नका. किब्ल्याचं सगळं तत्त्व मला तरी या क्रमात दिसतं. मधली आयत तेवढी उचलली की माणूस अंश मोजत बसतो. पहिली तेवढी उचलली की नियमच नको वाटतो.

व्यवहाराची बाजूही आहेच. नमाज जमातीने, म्हणजे एकत्र पढायची तर ती पढवणाऱ्या इमामच्या मागे रांगा लागतात, खांद्याला खांदा लावून. पन्नास जणांनी पन्नास दिशांना तोंडं केली तर रांग कसली आणि इमाम कुणाचा? हेच जगाला लावून पाहा. वरून बघता आलं असतं तर या सगळ्या रांगा एकाच मध्यबिंदूभोवतीच्या वर्तुळांसारख्या दिसल्या असत्या: सगळ्यांत लहान वर्तुळ काब्याच्या अंगणात, सगळ्यांत मोठं समुद्रांपलीकडे.

पूर्वी नमाज जेरुसलेमकडे तोंड करून होत असे, हे खरं का?

खरं आहे, आणि इस्लामच्या सुरुवातीच्या इतिहासातला हा फार महत्त्वाचा टप्पा आहे.

मक्केत असताना पैगंबर मुहम्मद काब्याच्या दक्षिणेच्या अंगाला उभे राहत, म्हणजे काबाही समोर आणि त्याच्या पलीकडे उत्तरेला जेरुसलेमचं बैतुल मुकद्दस हे पवित्र स्थानही समोर, असं काही रिवायतींत (परंपरेने आलेल्या हकिकतींत) येतं. ६२२ साली मक्का सोडून, म्हणजे हिजरत करून ते मदिनेला आले आणि हा मेळ तुटला. मदिना मक्केच्या उत्तरेला आहे. तिथून जेरुसलेम उत्तरेकडे आणि काबा दक्षिणेकडे, जवळजवळ पाठीला पाठ लावून. एकाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ होणारच. १६ किंवा १७ महिने नमाज जेरुसलेमकडे तोंड करून होत राहिली. आपल्या पूर्वजांनी, हजरत इब्राहिम आणि इस्माईल यांनी उभारलेल्या घराकडे वळावं, अशी पैगंबरांच्या मनात ओढ होती. ते वारंवार आकाशाकडे पाहत. १४४व्या आयतीची सुरुवातच तशी आहे: आकाशाकडे वळणारा तुझा चेहरा आम्ही पाहत आहोत, तर आता तुला आवडेल त्या किब्ल्याकडे आम्ही तुला वळवतो.

हे हिजरी सन २ मधलं, म्हणजे ६२४च्या सुरुवातीचं.

पुढे जे घडलं ते डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखं आहे. काब्याकडे तोंड करून झालेली पहिली नमाज असरची (दुपारनंतरची) होती, असं पैगंबरांचे साथीदार हजरत बरा बिन आजिब सांगतात. ती अदा करून निघालेला एक माणूस वाटेत दुसऱ्या मशिदीजवळून जात होता. तिथे जमात उभी होती, लोक रुकूत वाकलेले. त्याने ओरडून साक्ष दिली की मी आत्ताच पैगंबरांबरोबर मक्केकडे तोंड करून नमाज पढून आलो आहे. आणि ते सगळे त्याच अवस्थेत फिरले. आता हे फिरणं म्हणजे मान वळवणं नव्हतं, अर्धं वर्तुळ होतं. इमाम होते उत्तरेच्या टोकाला. दिशा उलटताच ते सगळ्यांच्या मागे पडले. त्यांना रांगा ओलांडून दुसऱ्या टोकाला जावं लागलं. पुरुष पुढे आणि स्त्रिया मागे होत्या, त्या दोन्ही गटांनी जागांची अदलाबदल केली, हेही रिवायतींत आलं आहे. आणि हे सगळं चालू नमाजमध्ये. मदिनेजवळच्या कुबाच्या मशिदीत बातमी पोहोचली ती दुसऱ्या दिवशी फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) वेळी. तिथेही लोक उभ्या जागी वळले.

मदिनेत मस्जिद-अल-किब्लतैन, म्हणजे दोन किब्ल्यांची मशीद, या घटनेची आठवण म्हणून आजही आहे.

बदलाचं कारण कुरआनच सांगतो. लोक नावं ठेवतील हे १४२व्या आयतीत आधीच सांगून टाकलं आहे, आणि १४३व्या आयतीप्रमाणे, रसूलच्या (पैगंबरांच्या) मागे कोण चालतो आणि कोण उलट्या पावली फिरतो, हे कळावं हा हेतू होता. थोडक्यात, सवय झालेली दिशा हुकूम येताच सोडता येते का, याची ती परीक्षा होती.

जे लोक किब्ला बदलण्याआधीच वारले, त्यांच्या नमाजचं काय?

अगदी हाच प्रश्न तेव्हाच्या लोकांनाही पडला होता. १४३व्या आयतीत त्याचं उत्तर आहे: अल्लाह तुमचं ईमान वाया जाऊ देणार नाही. त्या वेळी जो हुकूम होता तो त्यांनी पाळला. बस्स, हिशेब पूर्ण.

किब्ला म्हणजे पश्चिम, असंच ना?

काब्याच्या पूर्वेला राहणाऱ्यांसाठी ढोबळमानाने हो. म्हणून अनेकांच्या डोक्यात 'नमाज म्हणजे पश्चिम' हे पक्कं बसलेलं असतं. पण लंडनहून किब्ला आग्नेयेला येतो, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने साधारण ११९ अंशांवर. इस्तंबूलहून तो दक्षिणेकडे झुकलेला, १५२ अंशांच्या आसपास. जकार्ताहून वायव्येला, साधारण २९५. केपटाऊनहून उत्तरेकडे, थोडा पूर्वेला कललेला.

'पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये किब्ला आहे' अशी हदीस आहे. ती मदिनेला लागू होते, कारण तिथून मक्का दक्षिणेला. दुसऱ्या देशात बसून ती शब्दशः घेतली तर घोटाळा होईल.

न्यूयॉर्कहून मक्का नकाशावर आग्नेयेला दिसते, पण तिथे लोक ईशान्येला तोंड का करतात?

कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक न्यूयॉर्कवर, दुसरं मक्केवर, आणि ताणा. दोरा अटलांटिकवरून थेट आग्नेयेला जाणार नाही. तो आधी ईशान्येकडे चढेल, युरोपावरून वळसा घेईल आणि मग खाली उतरेल. तोच सगळ्यांत जवळचा रस्ता. विमानंही साधारण तशीच जातात. न्यूयॉर्कहून निघताना या रस्त्याची दिशा सुमारे ५८ अंश भरते. यावरून उत्तर अमेरिकेत बरेच वाद झाले. 'मक्का आमच्या दक्षिणेला असताना आम्ही उत्तरेकडे का वळायचं?' असं विचारणारे आजही भेटतात. बहुतेक विद्वानांनी आणि खगोल जाणणाऱ्यांनी मात्र गोलावरचा जवळचा रस्ता हाच किब्ला मानला आहे.

याच हिशेबातून एक मजेशीर जागा निघते. मक्केच्या बरोबर विरुद्ध, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, पॅसिफिक महासागरात फ्रेंच पॉलिनेशियातल्या तेमातांगी या प्रवाळबेटाजवळचा एक बिंदू आहे. तिथे उभं राहिलं तर सगळ्या दिशा सारख्याच अंतराने काब्याकडे जातात.

उपग्रह, मोबाईल नव्हते तेव्हा लोक किब्ला कसा ठरवत?

सामान्य माणूस आकाशाकडे आणि जुन्याजाणत्यांकडे बघे. अमुक तारा उगवतो तिकडे, सूर्य हिवाळ्यात मावळतो तिकडे, अशी प्रदेशाप्रदेशाची ठरलेली खूणगाठ असे. काब्याची बांधणीच आकाशाशी जुळलेली आहे. तिचा लांब अक्ष सुहैल ताऱ्याच्या उगवतीकडे रोखलेला आहे. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. काब्याचे कोपरे ढोबळमानाने मुख्य दिशांकडे आहेत, आणि जगाचे पट्टे पाडून कुठल्या पट्ट्याने काब्याच्या कुठल्या बाजूकडे तोंड करायचं याचे तक्तेही बनलेले होते.

गणिती लोकांचा रस्ता वेगळा. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश माहीत असतील तर गोलावरच्या त्रिकोणावरून कोन काढता येतो, आणि हे गणित मुस्लिम खगोलज्ञांनी खूप पुढे नेलं. अल-बिरुनी आपल्याला भारतावरच्या ग्रंथामुळे माहीत आहे, पण त्याने १०२५च्या सुमारास एक अख्खा ग्रंथ ठिकाणांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर लिहिला, आणि त्यात गझनीचा किब्ला काढून दाखवला. चौदाव्या शतकात दमास्कसच्या अल-खलीलीने तर प्रत्येक अक्षांश-रेखांशासाठी किब्ल्याचा कोन देणारा तक्ता केला; त्यात जवळपास तीन हजार आकडे आहेत. हातात ना यंत्र ना विजेचा दिवा.

पण मशीद बांधणाऱ्यांनी दर वेळी गणितज्ञाला विचारलं असं मुळीच नाही. स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या प्रसिद्ध मशिदीचा किब्ला बराचसा दक्षिणेकडे आहे, आणि गणिताने तो पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकलेला हवा. दहाव्या शतकात तिथे खगोलज्ञांची वाण नव्हती. तरी विस्तार करताना जुनीच दिशा ठेवली. उलट इस्फहानच्या शाही मशिदीत दिशेचा आग्रह दगडांत दिसतो. चौकातलं प्रवेशद्वार चौकाला सरळ आहे, पण आत शिरलं की वाट वळते आणि सगळी मशीद सुमारे ४५ अंशांत फिरलेली सापडते. चौकाची शोभाही राखली आणि किब्लाही. इस्तंबूलच्या आयासोफियातही असंच. मूळ इमारत चर्चची, तिचा रोख किब्ल्याशी पुरता जुळत नाही, म्हणून मिहराब (किब्ला दाखवणारा कोनाडा) मधोमध न बसवता थोडा बाजूला बसवला आहे.

आमच्या मशिदीचा किब्ला मोबाईलवर १० अंश चुकीचा दिसतो. इतक्या वर्षांच्या नमाजी वाया गेल्या का?

नाही. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि विनाकारण भांडणं लावणारा प्रश्न हाच.

काबा डोळ्यांसमोर असेल त्याने थेट काब्याकडेच तोंड करायचं, यावर एकमत आहे. दूर असलेल्यांबाबत फिकहमध्ये (इस्लामी धर्मशास्त्रात) दोन संज्ञा आहेत: ऐन, म्हणजे प्रत्यक्ष काबा, आणि जिहत, म्हणजे काब्याची बाजू. हनफी, मालिकी आणि हंबली या सुन्नी पंथांच्या मतानुसार दूरच्या माणसाला जिहत पुरेशी आहे. चौथ्या, शाफई पंथाच्या मतात ऐनचा आग्रह आहे, पण तिथेही माणसाला होईल तेवढ्या खात्रीचाच. हनफी ग्रंथांमध्ये नेमक्या दिशेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत कल गेला तरी नमाज होते, असं सांगितलं जातं. तुमचे १० अंश त्यात आरामात बसतात.

साधा हिशेब करा. तीन-चार हजार किलोमीटरवरून एका अंशाची चूक म्हणजे मक्केपाशी पन्नास ते सत्तर किलोमीटरचा फरक. सजद्यातून (जमिनीला कपाळ टेकवून) उठताना माणूस एका अंशाहून जास्त हलतो. एवढी अचूकता माणसाच्या अंगात नाही, आणि शरीअतने ती मागितलेलीही नाही. मागितला आहे तो प्रामाणिक प्रयत्न.

नवी मशीद बांधताना मात्र दिशा नीट काढून घ्यावी. हातात साधनं असताना 'चालतंय' म्हणून सोडून देणं बरं नाही. जुन्या मशिदीत फार मोठा फरक निघाला तर जमातीच्या जाणकारांनी बसून ठरवावं आणि सफेच्या (रांगांच्या) रेघा तिरप्या आखाव्यात. जमात उभी असताना एकट्याने मोबाईल काढून वेगळ्याच कोनात उभं राहणं, हा त्यावरचा उपाय नव्हे.

मोबाईलमधला किब्ला किती भरवशाचा?

गणित भरवशाचं, होकायंत्र लहरी. अ‍ॅप तुमच्या ठिकाणावरून कोन अचूक काढतं, पण उत्तर दिशा कुठे आहे हे फोनमधल्या चुंबकीय संवेदकाला विचारतं, आणि तो लोखंडाला भुलतो. एकदा परक्या खोलीत मी पलंगाजवळ फोन धरला तर बाण एकीकडे, खिडकीशी नेला तर पार दुसरीकडे. पलंग लोखंडी होता. छताच्या कोपऱ्यात चिकटवलेला किब्ल्याचा छोटा बाण दिसला तो नंतर, आणि तो खिडकीतल्या बाणाशी जुळत होता.

म्हणून फोन लोखंडी कपाट, गाडी, स्पीकर यांच्यापासून लांब धरा, चुंबक असलेलं कव्हर काढा, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा फिरवा. साध्या होकायंत्राची आणखी एक भानगड आहे: त्याची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, आणि ती खऱ्या उत्तरेपासून काही प्रदेशांत बरीच हटलेली असते. सगळ्यांत सोपं म्हणजे उपग्रहाच्या नकाशावर आपलं घर आणि काबा यांना जोडणारी रेघ काढून देणारी सोय वापरायची. ती रेघ घराच्या कुठल्या भिंतीला कशी छेदते ते पाहिलं की चुंबकाचा संबंधच उरत नाही.

उपकरणाशिवाय पक्की दिशा काढता येते का?

येते, वर्षातून दोनदा, आणि फुकट. मक्का २१.४ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. त्यामुळे सूर्य वर्षातून दोन वेळा बरोबर काब्याच्या माथ्यावर येतो: २७-२८ मे रोजी सौदी वेळेनुसार दुपारी १२:१८च्या सुमारास, आणि १५-१६ जुलैला १२:२७च्या सुमारास. सौदीचं घड्याळ ग्रिनिचच्या तीन तास पुढे असतं, त्यावरून आपली वेळ काढायची.

त्या मिनिटाला जिथे जिथे सूर्य दिसतो, तिथे सूर्याकडे तोंड म्हणजे काब्याकडे तोंड. सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ केलेली काठी उभी करा. तिची सावली पडेल त्यावर खडूने रेघ ओढा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे जाणारी दिशा हा तुमचा किब्ला. ढग आले तर एक-दोन दिवस पुढेमागे त्याच वेळी केलं तरी फारसा फरक पडत नाही. ज्या भागात तेव्हा रात्र असते, तिथले लोक नोव्हेंबरच्या अखेरीला आणि जानेवारीच्या मध्याला, सूर्य काब्याच्या बरोबर खाली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असताना हेच करतात. तेव्हा मात्र सावली स्वतःच किब्ल्याकडे रोखलेली असते.

अनोळखी ठिकाणी दिशा कळलीच नाही तर?

विचारायला कुणी असेल तर विचारा. मशीद, कबरस्तान, सूर्य, काहीतरी खूण सापडते का बघा. काहीच नसेल तर मनाचा कौल जिकडे जातो तिकडे तोंड करून नमाज पढा. या शोधाला तहर्री म्हणतात आणि तो करणं जरुरीचं आहे. न शोधता, न विचारता कुठेही उभं राहिलं तर तो निष्काळजीपणा झाला.

शोधूनही चूक झाली आणि नमाजनंतर कळलं, तर हनफी मतानुसार नमाज झाली, परत पढायची गरज नाही. शाफईंच्या प्रचलित मतानुसार चूक खात्रीने कळली तर परत पढावी. चालू नमाजमध्ये कळलं तर तिथल्या तिथे वळावं, कुबाचे लोक वळले तसं. एक रिवायत सांगतात, की काळोख्या रात्री प्रवासात काही सहाबांनी (पैगंबरांच्या साथीदारांनी) ज्याला जशी वाटली तशी दिशा धरून नमाज पढली, सकाळी चूक लक्षात आली, आणि 'जिकडे वळाल तिकडे अल्लाहचा चेहरा आहे' ही आयत त्या संदर्भात आली.

गाडीत, विमानात, जहाजात काय करायचं?

फर्ज आणि नफिल (ऐच्छिक) नमाज यांत फरक आहे. प्रवासात पैगंबर उंटावर बसल्या बसल्या नफिल नमाज पढत, उंटाचं तोंड असेल तिकडे. फर्जसाठी मात्र खाली उतरून किब्ल्याकडे वळत. म्हणून फर्जसाठी शक्य तेवढं किब्ल्याकडे उभं राहायचं आणि वाहन वळलं की जमेल तसं आपणही वळायचं. जागाच नसेल, उतरताही येत नसेल आणि वेळ निघून जात असेल, तर बसल्या जागी जशी होईल तशी पढावी. अशी नमाज नंतर परत पढायची का, यावर मतं वेगळी आहेत. आपल्या मसलकच्या (पंथाच्या) आलिमला (धर्मपंडिताला) विचारा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाने काय करावं?

कुणी वळवणारं असेल तर वळवून घ्यावं. नसेल तर आहे त्या दिशेला. त्याच्यावर काही दोष नाही. युद्धात किंवा जिवाच्या भीतीत तर चालता चालता, स्वार होऊनही नमाज पढायची मुभा कुरआननेच दिली आहे.

प्रत्यक्ष काब्यापाशी आणि काब्याच्या आत कसं?

मस्जिद-अल-हराममध्ये रांगा सरळ नसतात, काब्याभोवती गोल असतात. समोरासमोरच्या रांगांतली माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी असतात आणि मध्ये काबा. आत गेलं तर कुठल्याही भिंतीकडे तोंड करून नमाज पढता येते; पैगंबरांनी आत नमाज पढल्याचं हजरत बिलाल यांनी सांगितलं आहे.

काब्याची इमारत पडली किंवा दुरुस्तीला काढली तर किब्ला कुठे?

तिथेच. हा नुसता तर्काचा प्रश्न नाही, तसं झालेलं आहे. ६८३च्या वेढ्यात काबा जळाला आणि अब्दुल्ला बिन जुबैर यांनी तो पाडून नव्याने बांधायला घेतला. भिंती वर येईपर्यंत त्यांनी तिथे खांब रोवून त्यांवर पडदे सोडले, म्हणजे लोकांना तोंड कुठे करायचं ते दिसावं. १६३०मध्ये पुराने भिंती कोसळल्यावर उस्मानी सुलतान चौथा मुराद याच्या काळात पुन्हा बांधकाम झालं. ९३० साली करामती नावाच्या एका बंडखोर पंथाच्या लोकांनी हजर-ए-अस्वद उखडून नेला आणि तो वीसेक वर्षांनी परत आला; तेवढ्या काळात किब्ला तसूभर हलला नाही. हनफी फकीह (धर्मशास्त्रज्ञ) म्हणतात की किब्ला म्हणजे भिंती नव्हेत, ती जागा आणि तिच्यावरचं आकाशापर्यंतचं अंतर. म्हणूनच उंच मजल्यावर, डोंगरावर किंवा खाणीत नमाज पढताना वर-खाली बघायचा प्रश्न येत नाही.

आणि अंतराळात?

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही. २००७ साली मलेशियाचे अंतराळवीर शेख मुजफ्फर शुकूर रमजानच्या दिवसांत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. ते स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं, म्हणजे नियतपासून सलामपर्यंत (नमाजच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत) काबा एका बाजूकडून दुसरीकडे जाणार. मलेशियातल्या उलमांनी (धर्मपंडितांनी) त्यांच्यासाठी उतरंड ठरवून दिली: जमलं तर काबा, नाही तर काब्याच्या वरचा अवकाश, तेही नाही तर पृथ्वी, आणि तेही नाही तर जिकडे तोंड असेल तिकडे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या उंटावरच्या मुसाफिराला मिळालेली सवलतच ही.

सुन्नी आणि शिया यांचा किब्ला वेगळा असतो का?

नाही. दोघांचाही काबाच.

मिहराब आणि जानमाजवरची (नमाजच्या चटईवरची) कमान यांचा अर्थ काय?

मिहराब म्हणजे किब्ल्याच्या भिंतीतला कोनाडा. पैगंबरांच्या काळात असा खोलगट कोनाडा नव्हता. मदिनेच्या मशिदीत तो ७०७ ते ७०९च्या दरम्यानच्या पुनर्बांधणीत आला. दिशा कळावी, इमामची जागा कळावी आणि आवाज मागे फिरावा, एवढं त्याचं काम. जानमाजवर कमान असते ती त्याचंच चित्र. कमान कुणीकडे आहे याने नमाजवर परिणाम होत नाही, जानमाज नसली तरी चालते. जागा पाक हवी.

नमाजमध्ये मान वळली तर?

नुसती मान विनाकारण वळवणं मकरूह (नापसंत) आहे. छाती किब्ल्यावरून फिरली तर नमाज तुटते.

नमाज सोडून आणखी कुठे किब्ल्याचा संबंध येतो?

दुआ मागताना, अजान देताना, जनावर जिबह (हलाल) करताना किब्ल्याकडे तोंड असणं चांगलं मानतात. त्या दिशेला थुंकू नये. शौचाला बसताना तिकडे तोंड किंवा पाठ करू नये अशी हदीस आहे. हनफी हे सगळीकडे लागू करतात, इतर काही मसलक बंद बांधकामात सूट देतात. त्या हदीसमध्ये 'पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करा' असंही आहे, पण ते पुन्हा मदिनेच्या लोकांसाठी. काब्याच्या पूर्वेला राहणाऱ्याने ते जसंच्या तसं पाळलं तर नेमकं नको ते होईल.

आणि शेवटचा संबंध दफनाचा. मय्यत कबरीत उजव्या कुशीवर, चेहरा किब्ल्याकडे करून ठेवतात. दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरात उत्खननात तीन कबरी सापडल्या, सातव्या ते नवव्या शतकांमधल्या. सोबत ना शिलालेख ना नाव. सांगाडे मात्र उजव्या कुशीवर आणि चेहरे आग्नेयेला, मक्केकडे. संशोधकांनी त्यांना मुस्लिम म्हणून ओळखलं ते मुख्यतः त्यावरून.